विनाइल टाकण्याआधी लाकडी सबफ्लोअरचं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीत एडिसनला १९६४ सालचं स्प्लिट-लेव्हल घर घेतलंय. हॉल आणि वरच्या दोन बेडरूममधलं कार्पेट उचललं तर खाली प्लायवुड निघालं, तोच सबफ्लोअर, म्हणजे वरच्या आवरणाखालची मूळ जमीन. स्वयंपाकघरात जुन्या टाइल्स आहेत. हॉल आणि स्वयंपाकघराखाली क्रॉल स्पेस आहे, म्हणजे रांगत जाता येईल एवढी बुटकी पोकळी. खोल्यांमध्ये क्लिकचं विनाइल प्लँक (एकमेकींत अडकवायच्या प्लास्टिकच्या फळ्या) आणि वरच्या बाथरूममध्ये गोंदाने चिकटवायचं शीट विनाइल टाकायचा विचार आहे. ठेकेदार म्हणतो, "माल वॉटरप्रूफ आहे, झाडून घेतो आणि एका दिवसात टाकून देतो." टाकू द्यावं का?

नका टाकू देऊ. निदान एवढ्यात नको.

मी इथे बावीस वर्षं फ्लोअरिंगचं काम करतोय. तुम्ही सांगितलेल्या कामाला माझ्या हिशोबाने तीन-साडेतीन दिवस तयारी आणि दीड दिवस प्रत्यक्ष टाकणं. जो एका दिवसात देतो म्हणतो तो तयारीचे दिवस खाऊन टाकतोय. ते 'वॉटरप्रूफ' म्हणजे काय, तेही समजून घ्या. वरून सांडलेलं पाणी विनाइल खाली जाऊ देत नाही, हे खरं. पण खालून आलेली ओल ते वरही सोडत नाही. कार्पेटमधून जमीन श्वास घेत होती, पन्नास-साठ वर्षं ती तशीच टिकली. आता त्यावर तुम्ही प्लास्टिकचं झाकण लावताय.

सप्टेंबर २०२१ मध्ये आयडा वादळाचं पाणी आमच्या भागात शिरलं, त्यानंतर मी कितीतरी घरांतलं विनाइल उचललं. वरून पुसलं की नव्यासारखं. खालच्या प्लायला मात्र पापड सुटलेले, आणि वास असा की खिडक्या उघडाव्या लागायच्या. पूर टोकाची गोष्ट झाली, पण क्रॉल स्पेसची रोजची ओल तेच काम सावकाश करते.

म्हणून सुरुवात वरून नाही, खालून. जुने कपडे घाला, बॅटरी घ्या आणि क्रॉल स्पेसमध्ये स्वतः शिरा. ठेकेदाराला पाठवू नका, तो दारातूनच डोकावून "ओके आहे" म्हणेल. माती उघडी आहे का? असेल तर जाड प्लास्टिक, निदान ६ मिलचं (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), भिंतीपासून भिंतीपर्यंत अंथरावं लागेल, तुकडे एकमेकांवर फूटभर चढवून. इन्सुलेशन लोंबतंय का, ते हाताला दमट लागतं का? जॉइस्टवर, म्हणजे जमीन पेलणाऱ्या लाकडी वाशांवर, पांढुरकी किंवा काळी बुरशी आहे का? बाहेर छपराच्या पन्हाळीचं पाणी घराच्या पायाशीच पडतंय का? बऱ्याच घरांत सगळं दुखणं त्या एका पन्हाळीत असतं. पाइपाला पाच-सहा फुटांचा तुकडा जोडून पाणी लांब नेलं की खालची ओल बरीच कमी होते.

उन्हाळ्यात आणखी एक गंमत होते. घरात एसी चालू, जमीन थंड. खाली क्रॉल स्पेसमध्ये जुलैची दमट हवा. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला घाम सुटतो ना, तसा त्या थंड जमिनीला खालच्या अंगाने घाम सुटतो. वर कार्पेट होतं तोवर तो थोडाफार वर उडून जायचा. विनाइलखाली तो तिथेच अडकतो. त्यामुळे क्रॉल स्पेसमध्ये प्लास्टिक आणि गरज पडली तर डीह्युमिडिफायर (हवेतली ओल काढणारं यंत्र), एवढं झाल्याशिवाय मी हॉलला हात लावत नाही. यावरून माझी गिऱ्हाइकं गेली आहेत. जाऊ देत.

ओल मोजायला दोन टोकांचं मॉइश्चर मीटर घ्या. तीस-चाळीस डॉलरमध्ये मिळतं आणि नंतरही कामाला येतं. प्रत्येक खोलीत दहा-बारा ठिकाणी टोचा: बाहेरच्या भिंतीजवळ, सिंकखाली, कमोडभोवती, दारापाशी. आकडे जमिनीवरच पेन्सिलने लिहा. बहुतेक कंपन्या लाकडाची ओल १२ ते १४ टक्क्यांच्या आत मागतात, मी १२ धरतो. सगळीकडे ९ आणि एका कोपऱ्यात १८ येत असेल तर सरासरी काढू नका. त्या कोपऱ्यात पाणी येतंय, ते कुठून ते शोधा.

पेन्सिलने लिहा म्हटलं, ते मुद्दाम. काही वर्षांपूर्वी एका मराठी घरात काम चालू असताना त्यांच्या सहा वर्षांच्या मुलीने उघड्या प्लायवर जांभळ्या मार्करने भलंमोठं मांजर काढलं. सगळे हसलो, फोटो काढले, आणि मी त्यावर शीट विनाइल चिकटवून मोकळा झालो. आठ महिन्यांनी त्या ताईंचा फोन. "दादा, मांजर वर आलंय." गेलो तर खरंच, मिशांसकट. मार्करची शाई विनाइलमध्ये चढते आणि पुसून जात नाही, कारण ती वर नसतेच, आत असते. अख्खी खोली माझ्या खर्चाने बदलून दिली. तेव्हापासून माझ्या पेटीत मार्कर नाही. डांबराचंही तेच. काही जण खड्डा भरायला रूफिंगचा डांबरी काळा कागद घालतात. लाकडी फ्लोअरिंगखाली तो चालतो, विनाइलखाली पिवळे-तपकिरी डाग देतो.

आता स्वयंपाकघरातल्या टाइल्स. आधी त्या मोजा. नऊ बाय नऊ इंचाच्या असतील, किंवा एखादी निघालेली असून खाली काळा गोंद दिसत असेल, तर हातातलं काम थांबवा. १९६४ च्या घरात त्यात फुफ्फुसांना घातक अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता आहे, टाइलमध्ये किंवा गोंदात किंवा दोन्हींत. जुन्या शीट विनाइलच्या पाठीवरचा करडा कागद तर त्याहून वाईट, कारण तो खरवडला की सरळ धूळ होते. खरवडायचं नाही, घासायचं नाही, मशीन लावायची नाही, कोरडा झाडूसुद्धा नको. छोटा तुकडा प्रयोगशाळेत तपासून घ्या. अ‍ॅस्बेस्टॉस निघालं आणि टाइल्स घट्ट बसलेल्या असतील तर त्यांना न छेडता वरून क्लिकचं विनाइल टाकणं हा सर्वांत शहाणा मार्ग. पण मग त्या खोलीत स्क्रू मारणं, घासणं सगळं बाद. टाइल्स सुटत असतील तर ते काम परवाना असलेल्या माणसांचं, तुमचं नाही आणि माझंही नाही. बेडरूममध्ये जमिनीला जुना रंग दिसला तर शिशाचीही तपासणी करा. घरांसाठीच्या रंगात शिशावर इथे १९७८ मध्ये बंदी आली, तुमचं घर त्याआधीचं आहे.

कार्पेट काढलंय म्हणता, पण कडेच्या टॅक स्ट्रिप (कार्पेट अडकवायच्या खिळ्यांच्या पट्ट्या) आणि कार्पेटखालच्या पॅडच्या पिना निघाल्यात का? एका बेडरूममध्ये त्या पिना पाचशेवर निघतात. गुडघ्याला पॅड बांधा, गाणी लावा, बसा. पर्याय नाही.

जमीन मोकळी झाली की बूट काढा आणि मोज्यांवर चाला. सावकाश, प्रत्येक पाऊल पूर्ण टेकवून. कुरकुर कुठे होते, पायाखाली कुठे दबतं, तिथे पेन्सिलने फुली. कुरकुर म्हणजे बहुतेक वेळा प्लायचा खिळा सैल होऊन प्लाय त्या खिळ्यावर वरखाली घासतंय. आणखी खिळे ठोकून ती जात नाही. स्क्रू लागतात. खिळ्यांच्या रांगेवरून जॉइस्ट कुठे आहेत ते कळतं, साधारण सोळा इंचांवर असतात. कडांना दर सहा इंचांवर आणि मधल्या जॉइस्टवर सात-आठ इंचांवर एकेक स्क्रू. हे काम कंटाळवाणं आहे आणि सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो.

स्क्रू मात्र लाकडाचे किंवा डेकचे घ्या. काळे ड्रायवॉलचे स्क्रू स्वस्त म्हणून मी सुरुवातीला वापरले. ते ठिसूळ. जमीन हलली की मान तुटते, वर डोकं सैल राहतं आणि जुन्या कुरकुरीत नवी भर. लांबीचंही बघा. त्या काळच्या घरांत प्लाय अर्ध्या इंचाचं किंवा पाच सुताचं असतं, त्याला दोन इंची स्क्रू पुरतो. तीन इंची मारून कुणीतरी पाण्याचा पाइप भोसकला की मग फ्लोअरिंगवाल्याला नाही, प्लंबरला फोन. आणि प्लाय एवढं पातळ असून दोन जॉइस्टच्या मध्ये पाय दबत असेल, तर वर आणखी एक थर प्लाय लागेल. ते नुसत्या स्क्रूने भागत नाही.

सूत म्हटलं त्याचा खुलासा करतो. माझे वडील कोकणात सुतारकाम करायचे, त्यांचं माप सुताचं. एका इंचाचे आठ सूत. इथे पहिल्यांदा टेप हातात घेतला आणि इंचाचे आठ भाग दिसले तेव्हा परक्या देशात घरचं कुणी भेटल्यासारखं झालं. माझे मेक्सिकन मदतनीसही आता 'दो सूत' म्हणतात.

क्रॉल स्पेसमधून जॉइस्ट आणि प्लायच्या मध्ये फट दिसली तर तिथे लाकडाची पातळ पाचर गोंद लावून बसवा. बसवा म्हणजे सरकवा. हातोडीने ठोकून घातली तर ती जमिनीला वर ढकलते आणि खोलीत नवा उंचवटा तयार होतो.

आता कुजकं लाकूड. बाथरूममध्ये कमोड काढल्याशिवाय हे कळत नाही, त्यामुळे कमोड काढाच. जुनी मेणाची रिंग गळत असते, वर्षानुवर्षं थेंब थेंब. टोचा, म्हणजे सुताराचं अणकुचीदार हत्यार, घ्या आणि भोकाभोवती इंच-इंचावर दाबा. चांगल्या लाकडात टोक सूतभर जाऊन अडतं आणि काढताना धरून ठेवतं. कुजलेल्यात ते चहात बुडवलेल्या खारीत जावं तसं जातं, आवाजच होत नाही. तसं लाकूड सापडलं की तेवढंच कोरून पुटी भरणारे महाभाग आहेत. तसं करू नका. जिथे टोचा अडतो तिथून पुढे आणखी चार-सहा इंच चांगलं लाकूड धरून चौकोन आखा. दोन बाजू जॉइस्टच्या मध्यावर येऊ द्या, उरलेल्या दोन बाजूंखाली जॉइस्टच्या मध्ये आडवे तुकडे ठोका. त्याच जाडीचं नवं प्लाय टाका, चारी बाजूंनी सूतभर फट ठेवा. फट नसली की प्लाय फुगल्यावर सांध्यापाशी डोंगर होतो. नव्या घरांत ओएसबी (लाकडाचे कपचे दाबून केलेला बोर्ड) असतं, त्याच्या कडा पाणी प्यायल्या की अशाच फुगतात आणि पुन्हा कधी बसत नाहीत. त्या ४० नंबरच्या काचपेपरने मशीनवर उतरवाव्या लागतात. तुमच्याकडे पार्टिकल बोर्ड निघाला, म्हणजे भुसा दाबून केल्यासारखा, तर त्याच्यावर वेळ घालवू नका. तो अख्खा काढा.

कुत्र्यामांजरांच्या मुताचे डाग कार्पेटखाली हमखास निघतात. एन्झाइमवालं क्लीनर लावून पूर्ण वाळू द्या, मग शेलॅकच्या प्रायमरने बंद करा. नाहीतर जुलैत वास येतो आणि कुठून येतो ते सापडत नाही.

मग येतं सपाटीचं काम, आणि इथे लोक नेहमी गोंधळतात. जमीन पाणसळीत हवी असं नाही, सपाट हवी. साठ वर्षांचं घर एका बाजूला थोडं झुकलेलं असणारच. गोटी ठेवली आणि ती घरंगळली तरी विनाइलला त्याचं काही नाही. पण जमिनीत पोट किंवा खळगा असेल तर क्लिकच्या फळीचं कुलूप रोज पावलाखाली वाकतं. पहिले चार महिने काही कळत नाही, मग एके दिवशी चालताना 'टक' असा आवाज येतो. कुलूप तुटलेलं असतं. माप असं: दहा फुटांत दीड सुतापेक्षा जास्त फरक नको, सहा फुटांत सुतापेक्षा. बहुतेक कंपन्यांच्या खोक्यावर हेच किंवा याच्या जवळपासचं लिहिलेलं असतं. तुमच्या खोक्यावरचं वाचा, कारण वॉरंटी त्यावर ठरते.

अ‍ॅल्युमिनियमची सहा-आठ फुटांची सरळ पट्टी घ्या. खिडक्यांचे पडदे ओढा, पट्टी जमिनीवर उभ्या कडेने ठेवा आणि पलीकडून बॅटरी मारा. जिथून उजेड येतो तिथे खळगा. पट्टी मध्येच टेकून दोन्ही टोकांना डुलते तिथे उंचवटा. लांब, रुंद, तिरकी अशी फिरवत राहा आणि खळग्यांभोवती पेन्सिलने गोल काढा. अर्ध्या तासात खोलीचा नकाशा तयार होतो, नदीनाल्यांसारखा.

आधी उंचवटे उतरवायचे, मग खळगे भरायचे. उलट केलं तर दुप्पट माल लागतो. उंचवटा म्हणजे बहुधा सांधा, तो मशीनने घासून जातो. घासण्याआधी तिथला प्रत्येक खिळा खोल ठोका, नाहीतर बेल्ट फाटतो. अख्खा जॉइस्टच वर आलेला असेल तर प्लाय उघडून जॉइस्टला रंधा मारावा लागतो. ते घरच्या घरी करू नका.

खळग्यांसाठी सिमेंटवर आधारलेलं पॅचिंग कंपाउंड घ्या, ज्याच्या पिशवीवर लाकडी सबफ्लोअरला चालतं असं स्पष्ट लिहिलंय. भिंतीची पुटी नको, ती पायाखाली पीठ होते. एका वेळी थोडंच कालवा, ते पंधरा-वीस मिनिटांत घट्ट व्हायला लागतं. रुंद पत्र्याने मधून कडेकडे ओढा, कड इतकी बारीक की बोट फिरवलं तर कळू नये. तीन-चार सुतांपेक्षा खोल भाग असेल तर नुसतं सिमेंट ओतू नका, हलत्या लाकडावर जाड थर तडकतो. तिथे मी पातळ प्लायच्या पट्ट्या उतरत्या लावतो आणि वर पॅच फिरवतो. सेल्फ-लेव्हलर, म्हणजे ओतलं की आपोआप सपाट पसरणारं मिश्रण, लाकडावर चालतं, पण आधी त्याचं प्रायमर लागतं, काहींना जाळीही लागते, आणि प्रत्येक फट, प्रत्येक पाइपाचं भोक बंद करावं लागतं. एकदा माझ्याकडून एक भोक राहिलं. खालच्या मजल्यावर इस्त्रीच्या टेबलावर छान सपाट, गुळगुळीत लेव्हलर जमलं होतं.

क्लिकच्या फळ्यांना एवढं पुरे. फळीला मागे फोम चिकटवलेला असेल तर खाली दुसरा फोम घालू नका, कितीही मऊ लागला तरी. मऊपणा म्हणजेच वाकणं.

बाथरूमच्या शीट विनाइलला मात्र आणखी एक थर लागतो. शीट म्हणजे ओल्या सुती कपड्यासारखं, खालचं सगळं दाखवतं. खिळ्याचं डोकं, प्लायची गाठ, वाळूचा एक कण, काहीच लपत नाही. त्यासाठी दोन सूत जाडीचं, अंडरलेमेंट (सबफ्लोअर आणि विनाइलमधला थर) म्हणूनच विकलं जाणारं गुळगुळीत प्लाय सगळीकडे टाकायचं. स्वस्तातलं लाल लुआन प्लाय काही वेळा विनाइलमध्ये डाग सोडतं, ते टाळा. वरचे सांधे खालच्या सांध्यांवर येऊ देऊ नका आणि चार कोपरे एका ठिकाणी भेटू देऊ नका. बारीक पिना कडांना दर दोन इंचांवर, मध्ये दर चार इंचांवर. या पिना जॉइस्टपर्यंत जाऊ द्यायच्या नाहीत, फक्त खालच्या प्लायपर्यंत. हे ऐकून लोक चकित होतात, कारण आत्ताच मी जॉइस्टमध्ये स्क्रू मारा म्हणत होतो. ते सबफ्लोअरसाठी. हिवाळ्यात हीटिंग चालू झालं की जॉइस्ट आकसतात. त्यात अडकलेली पातळ पिन जागीच राहते, लाकूड खाली जातं आणि विनाइलवर पुटकुळी येते. दोन थरांमध्ये गोंदही नको.

शेवटी सांधे आणि पिनांची भोकं पॅचने भरून घासा, आणि मग रुंद पत्रा तिरका धरून अख्ख्या बाथरूममधून ओढत न्या. पिन वर राहिली असेल तर पत्रा 'टंग' असा बोलतो. ठोका, पुन्हा ओढा. पत्रा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मुकाट गेला की व्हॅक्यूम करा. झाडू नको, झाडू धूळ फक्त हलवतो.

राहिलेलं पटकन सांगतो. दाराच्या चौकटी फळीच्या जाडीएवढ्या खालून कापा, मापाला फळीचाच तुकडा खाली ठेवा. भिंतींपासून दोन सूत जागा सोडा. माल खोलीत निदान ४८ तास आडवा ठेवा, घराचं तापमान नेहमीचं असताना. कमोड परत बसवताना खालची फ्लँज, म्हणजे कमोड ज्यावर बसतो ती पाइपाची कडी, नव्या जमिनीच्या वर आली पाहिजे. खाली राहिली तर वरून रिंग लावा, नाहीतर पाच वर्षांनी पुन्हा खारी.

ठेकेदाराला एवढंच विचारा: ओल किती आली, सपाटी कशाने बघणार, कमोड काढणार का. तिन्हींची उत्तरं त्याच्याकडे असतील तर तो कामाचा आहे, फक्त त्याला दिवस वाढवून द्या. आणि क्रॉल स्पेसमध्ये जाऊन आलात की मीटरचे आकडे आणि स्वयंपाकघरातल्या टाइलचं माप कळवा. त्याआधी माल ऑर्डर करू नका.